कोरे करकरीत अहवाल

मुलगी : नाही बाबा, चहा नको. आधी एवढं सांगा, लिफ्ट तपासताना तुम्ही खरंच वर चढायचात?

वडील : हे काय विचारणं झालं? तीस वर्षं लिफ्ट-निरीक्षक होतो मी. लिफ्टच्या डोक्यावर चढायचं, दोर बघायचे, ब्रेक बघायचा, मग खाली खड्ड्यात उतरायचं. अख्खं खातं मला माकड म्हणायचं, ते काय उगाच?

मुलगी : ते जुनं झालं. मी शेवटच्या दोन वर्षांचं विचारतेय.

वडील : कोण विचारतंय? माझी लेक, की दक्षता विभागातल्या बाई?

मुलगी : तुमच्या कार्यालयाविरुद्ध निनावी तक्रार आलीय. न तपासता दाखले दिले म्हणून. सगळ्यांचे तपासणी अहवाल माझ्या टेबलावर आले. त्यात तुमचेही आहेत.

वडील : निनावी! माझ्या जागेवर आलाय ना, तोच तो. पहिल्या दिवसापासून पोटात दुखतंय त्याच्या.

मुलगी : कोणी का असेना. बाकीच्यांचे अहवाल ग्रीसने बरबटलेत. माणूस आतून बाहेर येतो आणि तिथेच उभ्या उभ्या लिहितो, बोटं उमटतातच. तुमचेही आधीचे तसेच आहेत. शेवटच्या दोन वर्षांतले मात्र कोरे करकरीत.

वडील : म्हणजे आता स्वच्छपणा हा गुन्हा? हात धुऊन लिहायला लागलो म्हातारपणी.

मुलगी : एका सकाळी तीन इमारती, आणि तिन्हीकडे हात धुऊन?

वडील : अगं, मेकॅनिकला विचार. तो असायचा बरोबर.

मुलगी : विचारलं.

वडील : मग? काय म्हणाला?

मुलगी : म्हणाला, साहेब फार चांगले. खाली खुर्चीवर बसायचे, मी वरून ओरडून सांगेन तसं लिहायचे.

वडील : खोटारडा! स्वतःची कातडी वाचवतोय.

मुलगी : असेल तर बरंच. म्हणून तर आले. खरं म्हणजे यायलाच नको होतं मी. हे माझे वडील आहेत, प्रकरण दुसऱ्याकडे द्या, असं उद्या लेखी देणार आहे.

वडील : उद्या ना? आज तर गठ्ठा तुझ्याच टेबलावर आहे. चार कागद इकडचे तिकडे झाले तर कोणाला कळणार आहे?

मुलगी : मला कळेल ना, बाबा.

वडील : निवृत्त होऊन सात महिने झाले. अजून लोक रस्त्यात थांबून नमस्कार करतात. ते सगळं घालवू?

मुलगी : त्या लिफ्टा रोज वर-खाली करतायत. तुमच्या दाखल्यांवर. बंद करायच्या तर कोणीतरी लेखी द्यायला हवं, आणि मेकॅनिक सही करायला तयार नाही. बाजारातली इमारत, ग्रंथालय, मोठ्या रुग्णालयाचा नवा भाग...

वडील : काही होत नाही. अशी सहज पडत नसते लिफ्ट.

मुलगी : बरं. मग आईचीही काळजी नको.

वडील : तिचं काय?

मुलगी : येताना फाटकात भेटली. शेजारच्या काकूंना बघायला निघाली होती. त्याच रुग्णालयात, नव्या भागात, पाचव्या मजल्यावर.

वडील : मला तर म्हणाली, भाजी आणायला जाते.

मुलगी : मला जे म्हणाली ते सांगितलं.

वडील : मुद्दाम बोलतेस. तुमच्याकडे असेच सापळे लावतात, माहितीये मला.

मुलगी : मग नका ऐकू.

(वडील उठून खिडकीतून फाटकाकडे बघतात, मग परत येतात.)

वडील : सापळा तर सापळा. फोन लाव तिला.

मुलगी : लागलाय. घ्या.

वडील : अगं, मी बोलतोय. कुठे आहेस? ... पोचलीस का वर? हं. ऐक, उतरताना लिफ्टमध्ये पाऊल टाकू नकोस. जिन्याने ये. ... गुडघे दुखतात, ठाऊक आहे मला. बसत बसत ये, पण जिन्यानेच. ... कारण ती मी तपासलेलीच नाही. निवृत्तीच्या दोन वर्षं आधी वर चढलो होतो तेव्हा चक्कर आली, दोर धरला म्हणून वाचलो. त्यानंतर एकदाही चढलो नाही. ... नाही गं, कोणालाच बोललो नव्हतो. लाज वाटली. ... हो, इथेच बसलीय समोर. लिहून घेतेय.