सुनेची लिंक आणि दलालाचा राग

किती वेळा तेच सांगायला लावता बे? ऐका.

आमची सून रेखा मोबाईलवर जनावरांचा चारा कापायच्या कडबाकुट्टी मशीनची लिंक टाकती. त्या लिंकवरून कुणी मशीन घेतली की कंपनी तिला कमिशन देती. हे कळल्यावर तिच्याच लिंकवरून मशीन घेतलेला शेळीबाजारातला दलाल दारात येऊन वरडला, "म्हाताऱ्या, सुनेकडून लोकं लुटतूस व्हय?"

रेखा रडायलाच लागली. मला म्हणली, "मामा, बंद करते हे सगळं."

मी म्हणलं, "कावून? ह्याला काय जास्तीचे पैसे पडले न्हाईत. अन् हा तर रुमालाखाली बोटं दाबून गुपचूप भाव ठरवतो अन् इकणारा-घेणारा दोघांकडूनबी दलाली घेतो!"

तो निघून गेला. परवा येऊन रेखाला म्हणतो, "पोरी, मलाबी तसली लिंक काढून दे."

लई भली पोरगी, दिली काढून. मला लुटारू म्हणल्याची माफी मात्र अजून मागितली न्हाई त्या दगडू दलालानं.