स्लॅब पडला

(पूर्णा स्टेशनजवळचं मिठाईचं दुकान. गोपाळची मोटारसायकल चालूच आहे. त्याची भावजय, नागनाथची बायको शिवकन्या, बुंदीचा डबा घेऊन मागे बसते आहे.)

शिवकन्या : तुमी कसे आले, भावजी? न्यायला मीच येतो म्हणले होते की तुमचे दादा.

गोपाळ : मीच आलो. बसा लवकर.

शिवकन्या : स्लॅबचं तर सांगा. मी निघाले तवा आत्ताशीक घमेली वर चढायली होती.

गोपाळ : पडला.

शिवकन्या : पडला? इतक्यातच? आश्रुबा मिस्त्री तर म्हणला होता, दिवस मावळंल. पावला बाई देव. जोतं बांधलं तवापासून अख्खं चुडावा गाव इचारायलंय, शिवकन्या, स्लॅब कवा पडतो तुमचा? आता जाऊन एकेकीला सांगते, पडला म्हणून.

गोपाळ : डबा इकडं द्या. हँडलला अडकवतो.

शिवकन्या : ऱ्हाऊ द्या, मांडीवर धरते. माणसं भुकेजली आसतील. स्लॅबच्या दिवशी कामावरचा माणूस तोंड गोड न करता जाऊ नाई.

गोपाळ : हं.

शिवकन्या : हं काय? तोंड कामून पाडलंय? काल रातच्याला हे मिस्त्रीला काय म्हणत होते ठाऊक हाय का? जिन्याची जागा सोड, वर गोपाळची खोली काढायची हाय. नवरीचा पत्ता न्हाई, आन् खोली आधी तयार.

गोपाळ : वैनी, जरा गप बसा. रस्ता लय खराब हाय.

शिवकन्या : रस्ता रोजचाच हाय. तुमीच आज येगळे दिसायले. मानंपातुर शिमिटाचा माल लागलाय अंगाला. तुमी तर खाली मिक्सरवर होते ना?

गोपाळ : होतो.

शिवकन्या : मग बोटं कशानं सोलली? ... भावजी, आवं भावजी. चुडाव्याचा फाटा मागं गेला.

गोपाळ : म्हाईत हाय.

शिवकन्या : मग वळवा की.

गोपाळ : आपल्याला नांदेडला जायचंय.

शिवकन्या : नांदेडला? घरी माणसं जेवायची खोळंबलीत आन् नांदेडला काय हाय?

गोपाळ : दवाखाना.

शिवकन्या : कुणाला काय झालं? तुमीच म्हणले ना, स्लॅब टाकून झाला.

गोपाळ : टाकून झाला कुठं म्हणलो, वैनी? पडला म्हणलो. घट्ट धरा.

शिवकन्या : हे कुठं होते?

गोपाळ : निम्मा माल वर गेला आन् मधला टेकू खाली धसायला लागला. जोत्यातला मुरूम नीट दबला न्हवता. सेंट्रिंगच्या फळ्या लवायल्या. आश्रुबा वरडला, बाहीर व्हा. समदे बाहीर पळाले. दादा आत गेले.

शिवकन्या : आत कामून?

गोपाळ : टेकूखाली पाचर ठोकायला. म्हणले, येवढी एक बसली की थांबतंय. आयुष्यभर लोकायच्या घरचं सेंट्रिंग केलं त्यायनी. दुसऱ्याचा स्लॅब आसता तर पहिले तेच बाहीर आले आसते.

शिवकन्या : आन् तुमी बघत ऱ्हायले.

गोपाळ : मनगट धरलं होतं मी. हिसकून गेले. मग हातानंच उकरलं समद्यांनी.

शिवकन्या : मगापासून मी हसायले. तुमच्या नवरीची थट्टा करायले. आन् तुमी नुस्तं हं हं. कशी जीभ गप ऱ्हायली तुमची?

गोपाळ : पडला म्हणलो आन् तुमी हसल्या. पुढचं तोंडातून निघंना. भर बाजारात कसं सांगू?

शिवकन्या : आता बाजार न्हाई. खरं सांगा. हाईत का?

गोपाळ : हाईत. जीपमधी निजवलं तवा डोळे उघडे होते. सोबत आश्रुबा गेलाय.

शिवकन्या : माझी आण घिऊन सांगा.

गोपाळ : तुमची आण. पायाचं लय वाईट हाय. पुढचं डाक्टर सांगतील. माझ्यापाशी लपवायला आता काईच न्हाई.

शिवकन्या : बोलले का काई?

गोपाळ : एकच बोलले.

शिवकन्या : काय?

गोपाळ : म्हणले, तिला तू काई सांगू नको, गोपाळ. ती घाबरंल. मी माझ्या तोंडानं सांगतो.

शिवकन्या : मग तुमी मला काईच सांगितलं न्हाई, भावजी. गाडी हाणा जोरात. त्यायलाच सांगू द्या.