ज्याचा फोटो, त्याची कमर

...नाही, तुमीच सांगा, कमर दुखाले फोटो लागते का? पोट दुखलं तं लोक ओवा देते, फोटो नाही मांगत! पण आमच्या नागपूरच्या नंदनवनातल्या घरी ज्याच्यापाशी दवाखान्यातला मणक्याचा फोटो, त्याचीच कमर दुखते. बाकीच्यांची... बाकीचे म्हणजे मीच, दुसरं उरलं कोण... बाकीच्यांची नुसती कुरकुर!

तुमाले सांगते, माह्या सासूबाई, सिंधूताई, लकवा मारल्यापासून खाटेवर. कूस बदलून द्या, उठवून बसवा, संडासले न्या, सारं उचलूनच. ते कोण करते? आमच्या ह्याईची मणक्यातली गादी सरकली, फोटो हाय! मोठ्ठा काळा फोटो, आलमारीमागं ठेवला हाय, मी काही म्हटलं का काढते अन् खिडकीच्या उजेडात धरते, "हे पाह्य वं सरिता, इथं!" मले त्यात काही दिसत नाही, पण त्याईले दिसते ना, झालं मंग.

अन् दरसाली नाताळच्या सुट्ट्या लागल्या का पुण्याहून दीर येते, पियुष, संगं बायको मयुरा अन् दोघं पोट्टे. ठरलं काय होतं? का सुट्टीभर आईचं सारं पियुष पाहीन अन् मी उमरेडले माहेरी जाऊन जराशी पाठ टेकवीन. ठरवलं त्यानंच बरं! पण मागच्या साली ऑटोतून उतरला तं कमरेले हा एवढा रुंद पट्टा! "वहिनी, माझी मणक्याची एल-फोर एल-फाइव्ह गादी गेली, फोटो आणलाय, तेवढ्या बॅगा घ्या ना... पण कमरेला जपा हं!" पुण्यात राहून जीभ सरळ झाली त्याची, पाठ मात्र वाकत नाही. मयुराची मान गेली, तिचाही फोटो. त्यात आपल्या नागपुरातली डिसेंबरची थंडी, मंग माळ्यावरच्या गाद्या काढा, रजया काढा... स्टुलावर कोण? मी! खाली तिघंही माना वर करून उभे, "वहिनी, गुडघे वाकवा, कमरेला जपा!" अरे बाप्पा, जपा जपा करता, एक कोपरा तं धरा!

तं औंदा मी म्हटलं, बस्स! आपणही फोटो काढाचा. सुट्ट्या लागाच्या आधीच धंतोलीतला हाडाचा दवाखाना गाठला. डॉक्टरले सांगितलं, वाकली का सरळ होत नाही, सकाळी उठाले भिंत धराव लागते, पाय झिणझिणते... सारं खरं बरं, एक अक्षर खोटं नाही! त्याईनं एमआरआय लिहून देल्ला. अन् त्या मशीनमधी काय सांगू तुमाले... ढक ढक ढक आवाज, लोक घाबरते म्हणे, अन् मी? मी झोपली! पाठ सपाट, कोणाची हाक नाही, अन् वरून ती पोरगी म्हणते, "ताई, बिलकुल हलायचं नाही." अजी, मले लग्नापासून पहिल्यांदा कोणी म्हटलं का हलू नका! झाल्यावर उठवाले आली, तं मी म्हटलं, "आणखी एकडाव काढून पाह्यता का?"

अन् निघालं काय? डॉक्टर हसून म्हणे, "मणके एकदम छान आहेत, गादी जागेवर. स्नायू आखडलेत, रोजच्या उचलण्यानं. ते या फोटोत दिसत नाही. पण उचलणं बंद, आराम करा." एवढं सारं बोलले ते... अन् संगं आलेल्या ह्याईले ऐकू काय आलं? "एकदम छान"! ऑटोतूनच पुण्याले फोन, "पियुष, तुह्या वहिनीचं नॉर्मल निघालं गा!" घरी जाऊन पेढे नाही, संत्रा बर्फी वाटली! उमरेडचं नाव काढलं तं म्हणते, "आता काहून? नॉर्मल तं हाय तू!" मी बर्फी हातात घेऊन रडून राहिली, अन् शेजारच्या यमुताई म्हणते, "पाहा माय, आनंदानं रडून राहिली!"

दुसऱ्या दिवशी सासूबाईले जेवाले बसवलं, तं अर्धी पोळी खाल्ली अन् ताट सारलं. कितीक दिवसांपासून तसंच करून राहिल्या होत्या, मले वाटे तोंडाले चव नसंल. म्हटलं, "आई, काहून?" लकव्यानं जीभ जड, एक एक शब्द ओढून बोलल्या, "वजन... कमी राहिलं... तं तुले... उचलाले बरं." काय सांगू तुमाले! साऱ्या घरात माह्या कमरेले जपलं ते त्या एका बाईनं, अन् तेही उपाशी राहून! मले लय वाईट वाटलं. रागावली मी त्याईले, चांगली रागावली, अन् उरलेली अर्धी पोळी माह्या हातानं भरवली. मंग उचललं. उचलू नाही तं काय करू?

अन् काल आला पियुष. पट्टा लावून. "वहिनी, ऐकलं! खूप बरं वाटलं! पण तरी कमरेला जपा हं!" अन् मागच्या ऑटोतून कोण? मयुराची आई! पाय मोडला, मांडीपर्यंत प्लास्टर. पियुष म्हणते, "पुण्यात सांभाळायला बाईच मिळेना हो वहिनी, आणि आम्हा दोघांची तर ही अशी अवस्था, म्हटलं घरात एक तरी नॉर्मल कमर आहे..."

तं आता दोन खाटा हाय आमच्या घरी. अन् मयुराच्या आईले, तुमाले सांगते, भूक लय चांगली लागते.