निळी नखं

ग्रंथालयाच्या रांगेत लेखिकेच्या पुढे भाऊबहीण उभे होते. भाऊ इतिहासाचा मास्तर, बहीण कापड रंगवणारी. तिच्या हातात लेखिकेचीच, समीक्षकांनी चुकांसाठी झोडपलेली कादंबरी होती. लेखिकेने कान टवकारले.

“लढाईचं साल साफ चुकलंय.”

“असेल, दादा. पण यातली रंगारीण स्वतःच्या लग्नात हात शालीखाली लपवते. नखांतली निळाई जात नाही म्हणून.”

“ते मनानं रचलेलं.”

“माझ्या लग्नाच्या फोटोत माझे हात दिसतात का रे तुला?”

दादाने विषय बदलला, “मग पुस्तक परत कशाला करतेस?”

“परत नाही, मुदत वाढवून घेतेय. आईला रोज वाचून दाखवते. तीही जन्मभर रंगारीणच. काल पहिल्यांदाच हातमोजे न घालता बाजारात गेली.”

मागे लेखिका मान ताठ करून उभी राहिली.