किल्ल्यावरचा हौद

१९८८च्या एका सकाळी सीमा लंडनजवळच्या इल्फर्डमधल्या दवाखान्यात नंबराची वाट बघत होती. मागच्या खुर्च्यांवरून दोन बायकांचं तावातावाचं मराठी कानावर आलं.

"सिंधुताई, सुट्टीत वाळवंटातला किल्ला बघितलात म्हणे?"

"त्या गाइडचं नाव काढू नकोस! तासभर राजाची न्हाणीघरं दाखवली. मी विचारलं, एवढ्या उंचावर पाणी कोणी चढवलं?"

"मग?"

"म्हणे, गुलामांनी, त्यांची नावं कोण लिहिणार! चला, बस थांबलीय."

"काय माणूस आहे!"

"तिथल्या पाण्याच्या हौदाच्या गिलाव्यात कुणाच्या तरी बोटांचे ठसे होते गं. त्यांवर मी हात ठेवला, तर खेकसला, डोन्ट टच!"

"मग काढलात हात?"

"मुळीच नाही. हौदाला हात लावू नको, हे माझ्या आजोबांनी गावात जन्मभर ऐकून घेतलं. मी कशाला ऐकू?"