उजव्या पायाची नखं

— नाही ताई, तिथं नाही, खालच्या रेघेवर करा सही. आणि तो कॉफीचा कप आधी फळीवरून उचला बरं, जमिनीवर ठेवला तरी चालेल. खाण्यापिण्याचं आणि हे, एका फळीवर नको. खरं तर तुम्हाला मी काय सांगायचं, तुम्हा माओरी लोकांनीच शिकवलंय हे आम्हाला. मी टोंगाची, आमच्याकडं वेगळं असतं. पण ब्रिस्बेनला राहून विसरायला होत असेल — नाही हो, टोमणा नाही मारत. रोजच कुणी ना कुणी येतं प्रयोगशाळेच्या या खिडकीशी आपापलं न्यायला — कुणी बाळाची वार नेतं, कुणी तुटलेलं बोट. वडिलांचा पाय नेऊन आईच्या शेजारी पुरायचा, यात खाली मान घालण्यासारखं काय आहे? हं, आता दोन्ही हातांनी धरा डबा. गुडघ्याखालपासून आहे, वाटतो त्यापेक्षा जड भरतो. आत औषधाचं पाणी आहे, वास येईल, तेव्हा उघडायचाच तर अंगणात उघडा. आणि गार लागेल हाताला. तसा उजवा त्यांचा गारच असायचा कायम, भर उन्हाळ्यात, दोन-दोन मोजे घातले तरी —

काय? — कागदावर आहे की लिहिलेलं. — नाही. बरोबर आहे तुमचं, मोज्यांचं कोण लिहिणार कागदावर.

बरं, मी लुपे. — हो, तीच. असं बघू नका ना. तुम्ही नाताळात फ्लॅक्समिअरच्या घरी यायचात तेव्हा मी न्हाणीघरात कोरोंना अंघोळ घालत असायचे. सगळे त्यांना कोरोच म्हणायचे, आजोबा, म्हणून मीही. तुम्ही दारातूनच हाक मारून जायचात, चेहरा कसा लक्षात राहणार? राग नाही. मला हल्ली राग-बिग काही येत नाही. — ते काम का सोडलं? सगळे विचारतात. पगारासाठी, असं सांगते मी, लोकांना पटतं ते. घरोघरी जाऊन म्हाताऱ्यांचं करायच्या त्या कामात काय व्हायचं — डोबीबाई म्हणून एक म्हातारी होती, तिच्याकडं वर्षानुवर्षं जायचे, तिचे केस विंचरायचे, आणि एक दिवस एजन्सीचा मेसेज — उद्यापासून तिकडं जायचं नाही, त्या वेळेला दुसरं घर दिलंय. बस. मेली, का मुलाकडं गेली, का माझं काही चुकलं? काही नाही. पेपरात फोटो आला तेव्हा कळलं. असं एकदा झालं, दोनदा झालं, मग मोजायचं सोडलं. आणि मग कोरो खंगायला लागले. म्हटलं, यांचा मेसेज यायच्या आत आपण निघायचं. संध्याकाळचे वर्ग केले, परीक्षा दिल्या. मुलाखतीत बाईंनी विचारलं, प्रयोगशाळाच का? म्हटलं, तिथं कुणी माझा हात धरत नाही. त्या हसल्या, त्यांना वाटलं मी विनोद केला. पण छान आहे इथं. खरंच. काचपट्ट्या, आकडे, यंत्रांची घरघर — रक्ताच्या नळीवर नाव असतं, पण नळी काही ‘चहा घेतेस का गं’ म्हणून विचारत नाही. काही वाटत नाही दिवसभर. तेच तर हवं होतं मला.

मग त्या दिवशी ऑपरेशनच्या खोलीतून आलेली बादली उघडली. डॉक्टर मापं सांगतात, मी लिहून घेते, धरायचं असेल ते धरते. तर नाव वाचायच्या आधीच कळलं. अंगठ्यावर चढलेलं दुसरं बोट, आणि घोट्याजवळ तो कत्तलखान्यातल्या सुरीचा व्रण. डॉक्टर म्हणाले, बरी आहेस ना? म्हटलं, बरी आहे. आणि होतेच की! मापं नीट लिहून घेतली मी. तपासायला हवे ते तुकडे घेतले आणि डॉक्टर जेवायला गेले. पण नखं — ताई, नखं किती वाढली होती! मांसात शिरायला आली होती वळून. तुम्हाला बोल लावत नाही मी. साखर असलेल्या माणसाची नखं आम्ही कापायचीच नाहीत, नियम आहे, जरा लागलं की जखम चिघळते. पायाची नर्स यायची तेव्हा यायची. कोरो रोज म्हणायचे, ‘काप की गं बाये, चादरीत अडकतात, कोण बघतंय?’ आणि मी रोज म्हणायचे, येईल हो नर्स. तर कापली मी. इथं. औषधात राहून टणक झाली होती, कात्री घसरत होती, पण आता कसली जखम आणि कसलं काय. बोटांच्या बेचक्या पुसल्या कोरड्या, आणि पाय ठेवला परत. आमच्या कामात बसत नाही हे, कुणाला बोलू नका. तुम्हाला तरी का सांगतेय मी? झालं, सही झाली, न्या डबा.

— डावा? डावा दाखवत नाहीत म्हणजे? मोजाच काढू देत नाहीत? नव्या मुलीला नसतील देत, पण नर्सला? — ‘लुपेला बोलवा’ म्हणतात. अहो, म्हणायचंच ते, बायकोलाही हाका मारतात, ती जाऊन किती वर्षं झाली. — अंगठा काळा दिसला? कधी? कोरडा काळा का ओलसर? वास येतो? — नको, मला नका सांगू. दवाखान्यात न्या, आजच न्या. — नाही ताई, मी नाही येणार. वेळेचा प्रश्न नाही. पैशाचा? काहीतरीच काय बोलता! मी आले तर मोजा काढू देतील, माहीत आहे मला. तेच तर. मोजा काढू देतील, मग म्हणतील उद्या ये, आणि मी उद्या जाईन. आणि एक दिवस तुमचा फोन येईल. ते माझ्याच्यानं होणार नाही आता. घाबरते मी, झालं? — हो, कळतंय, डावाही इथंच येईल मग. आला तर धरीन मी. तेवढं जमतं मला.

— कुठं? गाडीत? आत्ता? … स्वतः आलेत न्यायला. हो, म्हणणारच, ‘माझा आहे, मी आणतो.’ … कुठली, ती पांढरी? … बारीक झालेत हो. किती बारीक झालेत. … इकडंच बघतायत. — नाही, हात नका करू त्यांना. नका म्हणते ना! जा तुम्ही. डिकीत ठेवू नका हं डबा, त्यांच्या मांडीवर द्या. कोण होतं विचारलं तर म्हणा, होती एक बाई.

चला, पुढे कोण आहे? … कुणी नाही का. बरं. काच लावते मी, ताई, बोटं काढा.