काखेतली कुपी

सकाळी बरोबर दहा वाजून दहा मिनिटांनी हे सगळं सुरू झालं, आणि तुम्हाला सांगते, मी मुद्दाम काही केलं नाही हो! आमच्या चिमीच्या पायावर गरम पाणी सांडलेलं, दीड वर्षाचं पोर, जखम भरता भरेना. दवाखान्यातल्या औषधांच्या खिडकीतल्या माणसाने माझ्या हातात बर्फाचा डबा दिला, डब्यात बोटाएवढी कुपी. "नवीन औषध आहे, एकच आलीय. वर डॉक्टरीणबाईंना द्या. जपून!" आणि खिडकी धाडकन बंद! अहो, जपून म्हणजे कसं? विचारायचं कुणाला?

वर जाऊन बसले बाकावर. कुपीला हात लावला तर बर्फगार! चिमीचं नाक आधीच वाहतंय, त्यात सोललेल्या पायावर हे गार लावायचं? पोर आकांत करेल! शेजारचे आजोबा तोंड उघडं टाकून घोरत होते. ह्यांना फोन लावला, हे कामासाठी परगावी. "अगं, साहेब समोर आहेत, ठेव." सासूबाईंना लावला. "तुझं तू बघ की, शिकलेली आहेस ना!" सातवी शिकलेय हो मी, सातवीत कुप्या कुठे होत्या? विचारायचं कुणाला, सांगा!

मग काय... घातली काखेत. एका कडेवर चिमी, दुसरा हात असा अंगाशी घट्ट, पंख मोडलेल्या कोंबडीसारखी येरझारा घालतेय, मनात म्हणतेय, ऊब लागू दे बाई, ऊब लागू दे...

नंबर आला. कुपी काढली आणि बघते तर काय! पाण्यासारखी होती, ती पांढरीफटक, घट्ट, उलटी केली तरी हलेना!

"कुठे ठेवली होतीत?" डॉक्टरीणबाई.

"काखेत," मी.

सिस्टर तोंडाला रुमाल लावून भिंतीकडे वळल्या. बाई मात्र हसल्या नाहीत. म्हणाल्या, "अहो, यात डोळ्यांना न दिसणारे जेलचे कण आहेत. अंगाची ऊब लागली की आकसतात, एकमेकांना धरून बसतात. हे जखमेवर व्हायला हवं होतं, तुमच्या काखेत नाही! आणि जखम बिघडू लागली की तिथला आंबटपणा बदलतो, तो ओळखून कण आपल्या पोटातलं औषध सोडतात."

"कुणी न सांगता?"

"कुणी न सांगता."

तुम्हाला सांगते, तिथेच रडू फुटलं मला. बाईंना वाटलं कुपीसाठी रडतेय. हो, कुपीसाठीही! एकच होती ना, आणि मी घालवली... पण त्या कणांना कुणी न सांगता कळतं, आणि माझ्या माणसांना फोन करूनही नाही!

सिस्टरांनी ती बर्फात खुपसली. आम्ही तिघी टक लावून बघतोय, चिमी माझा कान ओढतेय. आणि हळूहळू... निवळली हो! पुन्हा पाण्यासारखी! पायावर ओतली, तर चिमी आकांत करेल? छे! गार लागलं तशी खुदकन हसली, आणि बघता बघता जखमेवर पांढरी साय धरली.

संध्याकाळी ह्यांचा फोन. "झालं ना?" "झालं." "बरं, ठेवतो." काखेची गंमत घशातच राहिली.

तेव्हा तुमच्या ओळखीत कुणाला अशी कुपी मिळाली, तर एवढा निरोप द्या: बर्फातच ठेवा म्हणावं. आणि विचारायचं कुणाला असं झालं, तर मला विचारा. मी घरीच असते. दार वाजवा मात्र... बेल कधीची बंद आहे, पण आजवर कुणाचं अडलं नाही, येतंय कोण!